खळखळच्या पुढची ओळ

ती. आई,

दुरूनच पाया पडते. हे आता दोन घास जास्त जेवतात, भिंतीला धरून खिडकीपर्यंत चालतात. काळजी करू नका. तुमचा गुडघा कसा आहे?

बोलायला शिकवणाऱ्या बाई रोज येतात. काल त्यांनी विचारलं, "दगडाचं काळीज म्हणजे काय हो?" जन्मभर वर्गात कविता शिकवलेला माणूस घाबरून स्वतःची छाती चाचपायला लागला. मी बाहेर जाऊन रडले. हे तुम्हाला लिहिणार नव्हते, पण धीर सुटत चाललाय.

बाई म्हणाल्या, अर्थ गेला तरी कधीकधी नाद उरतो. म्हणून आज ह्यांचं अंग पुसताना तुम्ही ह्यांना लहानपणी म्हणायचात ते आंघोळीचं गाणं म्हटलं, "पाण्याची धार खळखळ खळ, अंगाचा मळ म्हणतो..." आणि हे चटकन म्हणाले, "पळ!" आई, मेंदूचा झटका आल्यापासूनचा हा पहिला शब्द!

पुढच्या ओळी मला येत नाहीत. लगेच लिहून पाठवा. आणि माझ्या नावाशी जुळणारी एक ओळ त्यात घाला. तीन महिने माझं नाव ह्यांच्या ओठांवर आलेलं नाही. निदान यमक जुळवायला तरी हे मला हाक मारतील.

तुमची,
सून