बोर्डावरचा हात

१२ जाने., सोमवार. धाराशिव

भाषणाची सुरुवात ठरली. "वेगळ्या पंगतीला बसवलेल्या माझ्या मित्रांनो! लग्नात आपल्याला मांडवाच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागून वाढतात. वरण गार झालेलं असतं. आणि वाढणारा वाकून विचारतो, पाव्हणं, तब्येत बरी न्हाय का?" इथं हशा येईल. तो विरायच्या आत बोकडावर यायचं.

मटण सोडलेल्यांची सभा ५ फेब्रुवारीला. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मानसीताई पुण्याहून येणार. त्यांचे बोर्ड आधी लागतील. बोर्डावरची ओळ माझी: "आज कुरवाळता, उद्या कापता?" चार शब्द. कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला, पण इतक्या थोडक्यात कधी बोललो नव्हतो.

मटण सोडून अकरा वर्षं झाली. तरी खोटं कशाला लिहू. आज खानावळीवरून जाताना येसूर मसाला घातलेल्या रश्श्याचा वास आला आणि पाय हळू झाले. खावंसं वाटलं नाही. अणदूरला थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या चुलीपुढं बसावंसं वाटलं.

१५ जाने., गुरुवार

बोर्ड लागले. एक आपल्या बसस्थानकासमोर, एक अणदूरच्या फाट्यावर. इथला पाहून आलो.

काळंभोर करडू, कपाळावर पांढरा टिळा. मानेवर एक हात, मनगटापर्यंतच. हिरव्या बांगड्या, तुळशीचं गोंदण, वाकडी करंगळी. त्याखाली माझी ओळ.

ती करंगळी. मी सहा वर्षांचा असताना शेळीचं दावं माझ्या पायात अडकलं आणि शेळी उधळली. अक्कानं दावं हाताला गुंडाळून धरलं. बोट मोडलं, दावं सुटलं नाही.

मानसीताईंना अक्काच्या गोठ्यात मीच पाठवलं होतं, पोळ्याच्या सुमारास. म्हटलं, एवढ्या देखण्या शेळ्या जिल्ह्यात नाहीत. अक्काला फोनवर सांगितलं, एक बाई शेळ्यांचे फोटो काढायला येतायत. तिनं विचारलं, प्रदर्शनासाठी का रे? मी हं म्हणालो. बांगड्या नव्या दिसतायत. त्याच दिवशी भरल्या असणार.

१६ जाने.

स्टँडवर चहा. चहावाला बोर्डाकडं बघत म्हणाला, "सर, हात बाईमाणसाचा दिसतोय. लई दगाबाज बाई असंल." बाकावरचे दोघं हसले.

मी चहा संपवला. माझी बहीण आहे, एवढं म्हणायला किती श्वास लागतो? हजार माणसांपुढं माइक नसताना बोललेला माणूस मी.

१८ जाने., रविवार

अक्काचा फोन. नातू चालायला लागला. दोन वर्षं पाऊल टाकत नव्हता, तेव्हा तिनं शिवारातल्या पिराला कंदुरी, म्हणजे बोकड कापून गावजेवणाचा नवस, बोलली होती. ती फेडायची. बोकड ठरलाय: टिळ्या. म्हणजे बोर्डावरचाच, आता मोठा झालेला. दिवस ५ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी पंगत.

"तू येणार न्हाईस ठाव हाय. सांगायचं म्हणून सांगितलं."

अकरा वर्षं दर वेळी सांगते. दर वेळी हेच वाक्य.

कंदुरीचं शिजवलेलं घरी न्यायचं नसतं, शिवारातच संपवायचं. म्हणून सगळं गाव बसतं. कुणी कुणाशी बोलत नसलं तरी मांडीला मांडी लागते. मी अक्काच्या डाव्या बाजूला बसायचो. दरवर्षी. रस्सा ओघळू नये म्हणून ती माझ्या ताटाखाली खडा लावायची. हा खडा इतकी वर्षं कुठं होता डोक्यात?

शेवटी म्हणाली, फाट्यावर लोक थांबून बोर्ड बघत्यात. विचारलं, काही बोलतात का. "बोलत्यात," म्हणाली आणि फोन ठेवला.

२२ जाने.

मानसीताईंना फोन केला, बोर्ड उतरवा म्हणून. म्हणाल्या, सर, लोक थांबतायत म्हणजे काम होतंय, आणि जागा महिन्याची घेतलीय. मग हळू आवाजात, "ताईंना तुम्ही विचारलं होतंत ना?"

रेंज नसल्यासारखं केलं. या वयात.

२५ जाने., रविवार. अणदूरहून आल्यावर

गेलो. फाट्यावर उतरताना मान खाली.

अक्का गोठ्यात होती. टिळ्या दांडगा झालाय. माझ्या तळहाताचं मीठ चाटलं त्यानं, मी मान खाजवली. म्हणजे कुरवाळलंच. अक्काला म्हटलं, ह्याला सोडता नाही का येणार? गूळभाताची कंदुरी करू, गाव मी जेवू घालतो. ती म्हणाली, बोललेलं बोललं. भांडलो नाही.

तेवढ्यात जब्बारभाई आले. गावचे मुलाणी, हिंदू असो, मुसलमान असो, गावातल्या प्रत्येक कंदुरीची सुरी त्यांचीच. वेळ विचारायला आले होते. मला बघून ओट्यावर टेकले.

"या सर. आमी जन्मभर सुरी धरली, कुणी फोटो न्हाय काढला. अक्कानं एक डाव हात फिरवला तर हायवेवर."

अक्का हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, जब्बारभाई, माझा राग तुमच्यावर नाही.

"मंग कुणावर हाय? तिच्यावर?"

ते उठता उठता म्हणाले, "सर, सुरीआधी आमी पाणी टाकतो. त्यानं अंग झाडलं तर म्होरं जायचं, न्हाय झाडलं तर थांबायचं. आमी बकऱ्याला बी विचारतो. तुमी हिला विचारलं व्हतं का?"

पाणी पडलं की कुठलंही जनावर अंग झाडतं. त्याला होकार म्हणत नाहीत. हे मी व्यासपीठावरून कितीदा सांगितलंय, आणि ते आजही खरं आहे. पण आज नुसती टिळ्याची मान खाजवत राहिलो.

अक्कानं भाकरी, लसणाची चटणी, तेल वाढलं. स्वतःलाही तेच घेतलं. म्हणाली, कंदुरीच्या दिवशी बी म्या हेच खाते. मला कळेना.

"म्या पाळलेलं म्या कधी खाल्लं न्हाय. पर पंगतीतनं उठले बी न्हाय."

मग माझ्या ताटात दोन वाटे असायचे ते? मला वाटायचं, लाड.

निघताना तिनंच विचारलं, बोर्डावरची ओळ तुजी का? माझी, म्हटलं. तिनं दोन्ही शब्दजोड्या सावकाश म्हणून बघितल्या.

"खरी हाय. पर हात माजा हाय, बापू."

एवढंच. एसटी येईपर्यंत फाट्यावर माझ्याशेजारी उभी राहिली. बोर्डाखालीच. हात पदरात.

२६ जाने.

झेंडावंदनाचं भाषण दुसऱ्याला दिलं. घसा बसला म्हटलं.

१ फेब्रु., रविवार

मानसीताईंना खरं सांगितलं. मग म्हणाल्या, तुम्ही आम्हालाही फसवलंत, सर. बरोबर आहे. अणदूरचा बोर्ड उतरवतील, पण माणूस सहा तारखेला मिळेल. म्हणजे कंदुरीला येणारं सगळं गाव बोर्डाखालूनच येणार. मी म्हटलं, शिडी आणून मी झाकतो. त्या म्हणाल्या, तुम्ही त्या सभेचे वक्ते आहात.

टिळ्या डोक्यातून जात नाही. कोणत्याही नवसापेक्षा त्याचा जीव मोठा, हे आजही मानतो. अक्काही मानत असावी, तिच्या पद्धतीनं. तिच्या शेजारची डावी जागा इतकी वर्षं कुणाला दिली असेल?

४ फेब्रु., बुधवार. दुपार

उद्या पंगत साडेबाराला, सभा इथं संध्याकाळी सहाला. एसटी मिळाली तर दोन्ही जमतं. जमवायचं का, हा प्रश्न आहे. त्या पंगतीत बसून आलो तर कुठल्या तोंडानं बोलू? आणि न बसता बोललो तर तेच वेगळ्या पंगतीचं रडगाणं, जिथं मला कुणी बसवलंच नव्हतं. मीच उठून गेलो होतो.

पाणी टाकतील तेव्हा टिळ्यानं अंग झाडू नये. असं मागावंसं वाटतंय, आणि कुणाकडं मागायचं ते माहीत नाही. पिराकडं? मी?

फोन केला नाही. अक्कानंही केला नाही, या खेपेला. दोन भाकरी करून फडक्यात बांधल्यात, एक जरा करपली. पिशवी दाराशी आहे. तिच्यात जुनं धोतर आणि सुतळी: शिडी मिळाली तर बोर्डावरचा हात झाकायला.

भाषणाची जुनी पानं फाडली. नवं हे एवढंच. उद्या सहाला मी बोललो नाही, तर मानसीताईंनी वाचून दाखवावं:

वेगळ्या पंगतीतल्या मित्रांनो, मटण खाऊ नका, हे मी शेवटच्या श्वासापर्यंत सांगेन. पण ज्या घरचं ताट सारून तुम्ही उठलात, त्या घरी या आठवड्यात जा. आपली भाकरी आपण बांधून न्या. त्यांच्या पंगतीत मांडी घाला आणि शेवटचा माणूस हात धुवेपर्यंत उठू नका.