आरनची खाडी

पोर्थ हेलिग, ८ मार्च

प्रिय एलुनेडताईस,
एम्रिसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि संगणकाशी तुझं हाडवैर, म्हणून या वयात मला पुन्हा पेन धरावं लागतंय. बेकरीतल्या पिठाचे डाग कागदावर दिसले तर चालवून घे.

तुझ्या कादंबरीवरच्या मालिकेचा शेवटचा भाग आम्ही सगळ्यांनी बेकरीतच बसून पाहिला. तुझी राजकन्या आरन आपल्या खाडीच्या वाळूवरून घोडा उधळत जाते, मागे सूर्य मावळतो, टापांखाली पाणी चांदीसारखं उडतं. चेहरा त्या नटीचा असला तरी घोड्यावरची पाठ आपल्या हेलेदची, त्यामुळे गावाने टाळ्यांनी छप्पर उडवायचंच बाकी ठेवलं. लेकीला पाहून मी रडलो, हे तिला सांगू नकोस.

आता रागावू नकोस, पण मला पुस्तकापेक्षा हे जास्त आवडलं. पुस्तकात तुझी आरन अख्खं प्रकरणभर किनाऱ्यावर ओहोटीची वाट पाहत बसते. मी दरवेळी तिथंच झोपतो.

एक सांगायचं राहिलं. काल लंडनकडचं एक जोडपं पाव घ्यायला आलं. आरन जिथून निघते ती जागा कुठली, असं त्यांनी विचारलं, मी दाखवली. जरा वेळाने खिडकीतून पाहतो तर दोघं बरीच आत गेलेली. धावत जाऊन हाका मारल्या तेव्हा हसत परत आली. वाळू तर रस्त्यासारखी टणक आहे, असं ती बाई मलाच समजावत होती.

गुडघ्याला जप. लोभ आहे तसाच राहू दे, माझं मत आवडलं नाही तरी.

तुझा
एम्रिस


कार्डिफ, १४ मार्च

चि. एम्रिस यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू झोपतोस ते प्रकरण लिहायला मला एक हिवाळा लागला होता. शाळेतही तू बाई शिकवत असताना झोपायचास, म्हणून मनाला लावून घेत नाही.

हेलेद छान दिसली. पण मालिका पाहून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. माझ्या पुस्तकात आरन थांबते, कारण तिला खाडी माहीत आहे. आणि एवढं थांबूनही तिचा घोडा रुततो, ती त्याचा लगाम सोडत नाही, शेवटी सोडावा लागतो. ती पलीकडे पोचते ती रांगत, घोड्यावाचून. मालिकेत ना थांबणं, ना रुतणं. मी निर्मातीबाईंना विचारलं होतं. वाचणारा थांबतो, बघणारा थांबत नाही, असं त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

पूर्वी पुस्तक वाचून येणारी माणसं आठव. येत, काठावर उभी राहत, वाऱ्यात कुडकुडत, तुझ्याकडचा चहा पीत आणि जात. आत एकानेही पाऊल टाकलं नाही. ती भीती मी घातली होती त्यांच्या मनात. आता जे येतात त्यांच्या मनात काय आहे? आपल्या खाडीत भरती समोरून येत नाही, मागच्या ओढ्यातून मुकाट्याने येऊन परतीची वाट कापते, हे त्यांना कोण सांगणार?

तिथे एखादी पाटी लावून घे. हेलेदला माझा पापा.

तुझी
एलुनेड


पोर्थ हेलिग, २ मे

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पाटी लागली. लाल अक्षरं, बुडणाऱ्या माणसाचं चित्र. लोक तिच्या शेजारी उभे राहून, बुडाल्यासारखे हात वर करून फोटो काढतात.

हेलेद भेटेल त्याला सांगते की तो प्रसंग काठाजवळच्या घट्ट वाळूवर, पूर्ण ओहोटीत चित्रित केला, आणि बचावाची होडी कॅमेऱ्याच्या मागेच उभी होती. लोक तिचं कौतुक करतात, किती साधी मुलगी म्हणतात आणि तिची सही घेतात. परवा चिडून घरी आली. म्हणाली, बाबा, मी खरं बोलते आणि हे मला नम्र समजतात.

गेल्या रविवारी एका कुटुंबाचा कुत्रा ओढ्यापलीकडच्या चिखलात गेला. त्याचं भुंकणं आम्ही सगळ्यांनी काठावरून ऐकलं. मग ते थांबलं. त्यांच्या मुलीला मी बेकरीत बसवून दूध दिलं, पण तिने कपाला हातही लावला नाही.

आता मालिकेच्या चाहत्यांनी नवीन काढलंय. मालिकेत आरन वर्षाच्या सर्वांत मोठ्या दिवशी खाडी ओलांडते, म्हणून एकवीस जूनला संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ओलांडायची म्हणे. आरनसारखे झगे शिवताहेत. गावातली एकही खोली रिकामी नाही, माझा पाव दुपारपर्यंत संपतो. अशी बरकत मी कधी पाहिली नव्हती, आणि ती मला सोसत नाही.

तुझ्या शब्दाला वजन आहे. काही कर.

तुझ्या मायेवरच भिस्त ठेवून,
एम्रिस


कार्डिफ, ११ मे

चि. एम्रिस यास,
अनेक आशीर्वाद.

केलं. मालिकावाल्यांना लिहिलं, प्रत्येक भागाआधी इशारा दाखवा म्हणून. त्यांच्याकडून फुलांचा गुच्छ आला आणि सोबत माझ्या चिंतेबद्दल आभार. फुलं मी शेजारच्या बाईंना देऊन टाकली.

मग एका मोठ्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली. हातचं राखून काही बोलले नाही. मालिकेने खाडीबद्दल धादांत खोटं सांगितलंय, खरी खाडी माझ्या पुस्तकात आहे, ती माणूस गिळते, धाडस असेल त्याने पुस्तक उघडून वाचावं, असं सांगितलं. मुलाखत घेणारी मुलगी भराभर लिहून घेत होती. बऱ्याच दिवसांनी मला बरं वाटलं.

एकवीसला मी येते. काठावर खुर्ची टाकून बसेन. म्हातारीला ओलांडून जाणार नाहीत.

तुझी
एलुनेड


पोर्थ हेलिग, ९ जून

प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही, पण तुझ्यापासून लपवणार नाही. तुझी मुलाखत सगळ्यांनी वाचली. आता नवीन माणसं येतात. मालिका पोरासोरांची, खरं ओलांडणं पुस्तकातलं, असं ही मंडळी सांगतात. हातात तुझं पुस्तक असतं. घोडा रुततो ती जागा कुठली, असं मला विचारतात. काठावर उभं राहून ते प्रकरण मोठ्याने वाचतात, मग बूट काढतात आणि आत जातात. ऊन असेल त्या दिवशी येत नाहीत, धुकं असेल त्या दिवशी येतात.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. तुझ्या जागी मीही हेच बोललो असतो.

पण येऊ नकोस. त्या गुडघ्याने वाळूत उभं राहणं तुला जमणार नाही, आणि तुला पाहून गर्दी दुप्पट होईल. हेलेद घोडा घेऊन एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. बचावाच्या होडीवाल्यांना सांगून ठेवलंय. वारा पश्चिमेचा राहिला तर पाणी लवकर चढेल, एवढीच धास्ती आहे.

माझी काळजी करू नकोस म्हटलं तर तू जास्तच करशील, म्हणून म्हणत नाही.

तुझा
एम्रिस


पोर्थ हेलिग, २५ जून

ती. आत्यास,
हेलेदचा कृ. सा. न. वि. वि.

शेजारच्या बाईंनी तुला निरोप दिला असेल, पण तो तुटक होता. तुला नीट कळायला हवं.

बहुतेक लोक ऐकून मागे फिरले. माझ्या टोकाला दहा-बारा जण हट्टाला पेटले होते, त्यांना मी घोडा आडवा घालून वळवलं. बाबांच्या टोकाला झगा घातलेली एक बाई आणि तिची छोटी मुलगी ओढ्यापलीकडे गेल्या होत्या. बाबांनी दोघींना आणलं, मुलीला खांद्यावर घेऊन. तोवर मी तिथे पोचले. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की एक माणूस अजून आत आहे.

मी बाबांना धरून ठेवलं. होडी निघाली आहे, ती आणेल त्याला, असं सांगितलं. ते म्हणाले, होडीला वळसा पडतो, ओढा अजून भरलेला नाही. घोडा ने म्हटलं तर म्हणाले, नको, घोडा रुततो. उद्याचं पीठ मळून ठेवलंय, झाकण नीट आहे का बघ, असं म्हणून गेले. वारा पश्चिमेचाच होता. त्यांची हाक आम्हाला बराच वेळ ऐकू येत होती. ते त्या माणसाला बोलावत होते.

सकाळी ओहोटीला होडीवाल्यांना ते सापडले.

तो माणूस आदल्या संध्याकाळीच टेकडीपलीकडे आपल्या पायांनी बाहेर आला होता. त्याने सगळं फोनवर टिपलंय. त्यात मागे, लांब, हात हलवणारे बाबा दिसतात. त्याने वळून पाहिलं नाही, कारण त्याच्या कानात मालिकेचं संगीत चालू होतं. हे त्यानेच पोलिसांना सांगितलं, आणि सांगताना तो खूप रडला.

ते चित्रण आता सगळीकडे फिरतंय.

अंत्यविधी गुरुवारी, वरच्या चर्चमध्ये. तुला आणायला मी स्टेशनवर येईन. आपण डोंगराच्या रस्त्याने येऊ, वेळ लागला तरी चालेल. खाडीकडचा रस्ता गाड्यांनी भरलाय. बाबा कुठे बुडाले ते पाहायला लोक आले आहेत, आणि आज सकाळपासून धुकं आहे.

माया असू दे. आता तुझ्याशिवाय मला वडीलधारं कोणी नाही.

तुझी
हेलेद