नव्या डिस्कमध्ये एकटा गणपती

अकोला,
गुरुवार, १२ एप्रिल २००७

चि. भगवंत यास,

आईच्या माघारी ज्याला रागवायचा हक्क फक्त माझा उरला आहे, त्या धाकट्या भावाला मनापासून आशीर्वाद. इकडे राजराजेश्वराच्या कृपेनं सगळी माणसं ठीक आहेत. संगणक ठीक नाही. जमुनाच्या गुडघ्याला आराम पडला का? तिला म्हणावं, नणंदेचं ऐक, एरंडाचं पान शेकून बांध, डॉक्टरची पायरी कशाला चढतेस.

तू अमरावतीहून एसटीच्या पार्सलनं पाठवलेला माल पोचला. हार्ड डिस्क नग एक, रुपये एकवीसशे. मेमरीची पट्टी नग एक, चौदाशे. पार्सलचे तीस. स्टँडवरून घरी आणायला रिक्षा वीस (पंधरा ठरले होते, पण डबा पाहून त्यानं तोंड वाढवलं). बसवणाऱ्या परवेजचे दीडशे, वर चहा. एवढं सगळं घालून, भगवंता, आमचा संगणक होता त्याहून मंद झाला आहे. म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घातली आणि तो जागीच बसला, असं झालं. तुझं दुकान आहे, गिऱ्हाइकांसमोर तू काय बोलत असशील ते बोल, पण बहिणीच्या घरी असला माल पाठवताना हात कसा आवरला नाही?

तुला ठाऊकच आहे की पुढं अधिक महिना लागतो, म्हणून सगळ्या मुलींच्या बापांना त्याआधीच लग्नं उरकायची आहेत. पौर्णिमा समोरच्या खोलीत बसून रात्रंदिवस पत्रिका तयार करते (सून माझी असली तरी अक्षर सुंदर काढते, हे मी तिच्यासमोर बोलत नाही). तुझा माल बसला म्हणून तिनं यंदा फोटोवाल्या पत्रिका घेतल्या. वर महाराजांचा फोटो, खाली नवरानवरीचा, कडेनं मोर. आणि आता ते यंत्र सुरू केलं की पडद्यावर वाळूचं घड्याळ येऊन बसतं. मी त्याच्यासमोर अख्खी पूजा आटोपते, आरती होते, नैवेद्य होतो, घड्याळ हलत नाही. शेवटी मोर उमटायला लागतो, पिसारा अर्धा होतो आणि लोडशेडिंग सुरू होतं.

परवा पुंजाराम आले होते. त्यांच्या मुलीच्या पत्रिकेत मामाचं नाव राहून गेलं होतं, तेवढंच घालायचं. मामाचं नाव उमटेपर्यंत त्यांनी तीनदा चहा घेतला (दुधाचा भाव तुला माहीत आहे), आणि नाव उमटलं न उमटलं तोच लाइट गेली. उठताना म्हणाले, “जाऊ द्या बाई, मामा तसाबी रुसेलच हाय. त्याले हातानं लिहू आमी.” सांग, ही काय शोभा झाली?

उपाय केले नाहीत असं समजू नकोस. शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, दृष्ट लागली. मी मीठमोहरी उतरवली, तर पौर्णिमा म्हणाली, आई, मोहरी बटनांत गेली. ती सुईनं काढली, सगळी काढली, तरी एक बटन अजून कुरकुरतं. मग परवेजला बोलावलं. हा गफ्फारभाईंचा मुलगा, स्वभावानं बरा, पण बोलतो फार. म्हणाला, व्हायरस आहे. त्यानं व्हायरस मारायचं काहीतरी आत घातलं, शंभर रुपये घेतले, आणि संगणक आणखी मंद झाला. त्याला पुन्हा बोलावलं (त्या खेपेचे पैसे दिले नाहीत). त्यानं बराच वेळ इकडे उघड, तिकडे उघड केलं, आणि एकदम मोठ्यानं म्हणाला, “चाची, नवी डिस्क त पुरी खाली हाय! अंदर एकच फोटो हाय, गणपतीचा. सगळं सामान जुनीतच काहून कोंबून राहिले तुमी? तिले श्वास घ्यायला जागा नाही!”

पौर्णिमा मान खाली घालून म्हणाली, “आईंनी सांगतलं होतं.”

हो, सांगितलं होतं! त्यात काय चुकलं? नवं भांडं घरात आलं की ते रिकामं ठेवू नये, आधी देवाचं काहीतरी ठेवावं. म्हणून मी डब्याला हळदकुंकू लावलं आणि तिला आत गणपती ठेवायला लावला. त्यानंतर, जुनी बरणी आहे तोवर नव्या बरणीला हात लावायचा नाही, हा आपल्या आईचा नियम. (बरणी संपते आणि डिस्क भरते, एवढा फरक मला कळतो. मी मॅट्रिक आहे.) तिनं दोनदा विचारलं, आई, आता नवीत ठेवू का? मी म्हटलं, जुनीत कोपऱ्याकापऱ्यात जागा असेल, बघ. यात मंद होण्यासारखं काय आहे? नवी वस्तू लगेच वापरून टाकावी लागते, हे त्या डब्यावर कुठं लिहिलं आहे? चार भाषांत मजकूर आहे, मी भिंग लावून पाहिला. ओल लागू देऊ नका, पाडू नका, सगळं आहे. वापरा असं एका भाषेत नाही. हा दोष बनवणाराचा, आणि विकणाराचा.

परवेज गेला त्या संध्याकाळी भाकरी थापताना पौर्णिमा एवढंच म्हणाली, की अक्षय्यतृतीयेपासून कोर्टाजवळ खोली पाहते, संगणक तिकडे नेते, तिथं माझं मी पाहीन. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

माझा शिवम बार्शीटाकळीच्या शेतावर राबतो, पण दोन वर्षं कापसानं काय दिलं ते तुला सांगायला नको. यंदा या घराची चूल त्या पत्रिकांवर पेटते. आणि ती दिवसभर कोर्टाजवळ बसली, तर मी या घरात बोलू कोणाशी, बेबीताईंशी?

बाकी ठीक. ऊन फार आहे, दुकानात टोपी घालून जात जा.

तुझी ताई,
लीलाबाई

ता. क. : फोन का केला नाही म्हणशील. फोन संगणकाच्या खोलीत आहे आणि तिथं पौर्णिमा बसलेली असते. तर ऐक. तू तिच्या नावानं एक पत्र टाक. लिही की नव्या जातीची डिस्क रिकामी ठेवली तर खराब होते, तिच्यात ताबडतोब सामान हलवावं, आणि ही गोष्ट आम्हा दुकानदारांना आत्ताच कळली. खरं की खोटं ते तू बघ. मी गुरुवारचं खोटं बोलत नाही, म्हणून तुला सांगते आहे. मामासासऱ्यांचा शब्द आला म्हटल्यावर मलाही ‘बरं, वापर बाई’ म्हणता येईल. पत्र कार्डावरच लिही, पाकीट नको. आठ आण्यांत काम होतं आणि बेबीताईंनाही वाचता येतं.

आणखी एक : कार्डात फक्त डिस्कचं लिही. ‘नवी वस्तू वापरावी’ असं मोघम लिहू नकोस. जमुनानं दिलेला मिक्सर चार वर्षं खोक्यात आहे, आणि पौर्णिमाचा त्याच्यावर डोळा आहे. अक्षय्यतृतीया पुढच्या आठवड्यात आहे, तेव्हा हे मिळताच उलट टपाली कार्ड टाक.