सोळा तास

राजूर, ता. अकोले
८ फेब्रुवारी २०२५

चि. कल्याण यास,

अनेक आशीर्वाद. इथे थंडी ओसरतेय. हरभरा घाट्यांनी भरलाय. माझी शुगर आटोक्यात आहे. आता मुद्द्यावर येतो.

"बाबा, तुमचा हिशेब कसा चुकला? सोळा तास थांबला असतात तर..." टोरांटोला परत पोचल्यावर तुझा एवढाच मेसेज. मला वेळ शिकवतोस? एकतीस वर्षं भूगोल शिकवला मी! एका रेखांशाला चार मिनिटं, हे या गावातल्या निम्म्या पोरांकडून घोकून घेतलंय.

तीन वर्षं तुझी आई तुला बोलवत होती. दर वेळी तू अंतर सांगायचास. साडेबारा हजार किलोमीटर, लंडनला थांबा, वीस तासांचा प्रवास, सोपं नाही बाबा. तिनं एकदा मला जुना पृथ्वीगोल काढायला लावला. सुतळी धरून मोजलं. वीतभर भरलं.

"एवढंच? मंग त्याला लांब काय हाय?"

तिचं मन रमावं म्हणून जुन्या क्रमिक पुस्तकातल्या माहेरवाशिणीच्या कविता म्हणून दाखवायचो. अजून पानासकट आठवतात मला, कोपऱ्यातल्या चित्रासकट. ती ऐकायची आणि मध्येच म्हणायची, "त्या पोरीबी येत्यात की वर्साला."

ती शुक्रवारी संध्याकाळी गेली. आणि त्याच रात्री तुला तिकीट मिळालं! रजाही मिळाली! तीन वर्षं न मिळालेलं विमान, आई मेल्याबरोबर मिळालं. तिकिटाचा फोटो तू मला पाठवलास. रविवार, पहाटे साडेतीन, मुंबई. वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शनिवारी दुपारी अजिनाथ, माझा जुना विद्यार्थी, म्हणाला, "सर, कल्याण निगालाय न्हवं? थांबू की. संगमनेरहून थंड पेटी आनतो."

"सोमवार उजाडेल त्याला," मी म्हणालो. "तिकडची तारीख वेगळी असते."

भूगोलाच्या मास्तराशी कोण वाद घालणार? पाच वाजता मीच अग्नी दिला. रविवारी सकाळी नऊला तू दारात उतरलास, तेव्हा सगळे म्हणाले, दुःखात सरांचा हिशेब चुकला. मी मान खाली घातली. दहाव्यापर्यंत घातलेलीच ठेवली.

चुकला नव्हता, कल्याण. तिकीट मी नीट वाचलं होतं.

काल अजिनाथला खरं सांगितलं. हातातला चहा तसाच ठेवून उठला. "पोराला आईचं तोंड बघू दिलं न्हाई तुमी," म्हणाला, आणि चपला घालून गेला. आज इकडं फिरकला नाही.

वाटलं होतं, तुला शिक्षा झाली की राग उतरेल. नाही उतरला. तिची साडी अजून दांडीवर आहे, ती बघितली की तुझा राग येतो, मग माझा येतो. माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि ते मला सोसायचं नाही.

तुझी वाट न पाहिलेला,
बाबा