कागदाचा माथा

॥ ॐ नमः शिवाय ॥

गेवराई,
श्रावणी सोमवार, १९ ऑगस्ट १९९६

प्रिय प्रणिता,

अनेक आशीर्वाद. लिंगपूजा आटोपून लिहायला बसले आहे. तुझे बाबा दुकानात गेलेत.

काल तुझ्या वर्गातली रोहिणी आली होती. एम.ए.च्या तुमच्या मॅडमचं लई कौतुक करत होती. त्या नुसतं सांगून मोकळ्या होत नाहीत म्हणे. घरात नेहमी ऐकलेली एक गोष्ट घ्या, ती आधी कोण बोललं, डोळ्यांनी कोणी पाहिली, त्या वेळचा कागद आहे का, ते तुम्हीच शोधा म्हणतात. मला आवडलं. मग ती सहज बोलून गेली, काकू, प्रणितानं तर तुमचीच गोष्ट घेतली की. मी कणीक मळत होते. हात धुतले आणि तिच्याकडून सगळं विचारून घेतलं.

दिवाळीत करंज्या भरताना तू खोदखोदून विचारत होतीस, ते यासाठी तर. मला वाटलं, लेकीला आईची माया आली. सत्तर साली मी मॅट्रिक झाले, उमापुरातून पास झालेली एकटी मुलगी. बीडच्या कॉलेजात अर्ज दिला. महिन्यानं सोमलिंगदादा एक कागद घेऊन आला आणि माझ्या अप्पांना वाचून दाखवला, की मुलींच्या जागा भरल्या. अप्पा म्हणाले, महादेवाची मर्जी. त्याच साली माझं लग्न झालं. एवढंच मला ठाऊक होतं, एवढंच तुला सांगितलं.

तू बीडला जाऊन जुनं दप्तर काढायला लावलंस. यादीत माझं नाव होतं. जागा मिळाली होती. सोबत एक अर्ज, घरच्या अडचणीमुळे मला प्रवेश नको, खाली माझं नाव. सव्वीस वर्षांनी मला हे रोहिणीच्या तोंडून कळावं? तुला जानेवारीपासून माहीत. संक्रांतीला माझ्या हातचा तिळगूळ खाल्लास, बोलली नाहीस. वर्गात मात्र वाचलंस, आईने शिक्षण स्वतःच सोडले असावे, दोष नंतर कॉलेजवर ढकलला, तोंडी माहिती भरवशाची नाही. कावून गं? मला एकदा विचारायचं तरी. जास्त शिकली नाही म्हणून लोकांचं पुष्कळ ऐकलं, पण खोटारडी कोणी म्हटलं नव्हतं. ते तू म्हणालीस, चाळीस पोरांपुढं.

तो अर्ज मी लिहिलेला नाही. तू मजकूर वाचलास, नाव वाचलंस. कागदाचा माथा बघितलास का? वाण्याची यादी करते तरी आधी महादेवाचं नाव घालते मी. हॉस्टेलवर आलेलं माझं एक पत्र तरी कोऱ्या माथ्याचं आहे का? मॅट्रिकच्या पेपरांवरही लिहिलं होतं. दादा चिडवायचा, मार्क काय महादेव देणार का. त्याचं-माझं अक्षर सारखं, पण त्याला ती सवय कधी लागली नाही. आणि माझे कागद घेऊन बीडला दर वेळी तोच गेलता.

वर काय लिहिलं होतं, हे रोहिणीला आठवेना. म्हणून हे पत्र. पुढच्या बुधवारी राखी आहे. दादा येईल, आजवर एक साल चुकला नाही. त्याआधी तुझ्याजवळची त्या अर्जाची झेरॉक्स पाठव. माथ्यावर महादेवाचं नाव असेल तर तुझं खरं, मी हरले. नसेल तर ताटात राखीशेजारी तो कागद ठेवीन, आणि दादा तो वाचून काय बोलतो ते ऐकल्यावरच राखीला हात लावीन. तू मात्र त्याच चाळीस पोरांपुढं उभी राहा आणि सांग, आईला विचारायचं राहिलं होतं.

तुझीच,
आई