मागचा आरसा

दादा,

वीस वर्षं तुमच्या खुर्चीत बसून मी जगावर तोंडसुख घेतलं आणि तुम्ही निमूटपणे माझे केस कापलेत. कटिंग झालं की मानेमागे छोटा आरसा धरायची तुमची पद्धत. त्या दिवशी मात्र तुम्ही तो धरला नाहीत.

"आरसा राहिला की!"

"राहू दे आज. मागे नाण्याएवढी चाई पडलीय." मग कानाशी वाकून म्हणालात, "काळजीनं पडते ही. साहेब, घरी काय लपवताय?"

नोकरी सुटून दोन महिने झाले होते. रोज डबा घेऊन मी वाचनालयात बसत होतो. जगाची सालटी काढणाऱ्या माझ्या जिभेला बायकोपुढे एवढं एक वाक्य उचलत नव्हतं. त्या संध्याकाळी उचललं.

"केस जायच्या आधी तोंड उघडलं असतं तर?" ती म्हणाली, आणि कितीतरी वेळ त्या चाईवरून हात फिरवत राहिली.

काल तुम्ही न सांगता आरसा धरलात. तिथे लव उगवलीय, पांढरी का असेना. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, म्हणून हे लिहिलं. देणार मात्र नाही. आभार वाचून तुमचा हात थरथरला, तर कान माझाच जायचा.

तुमचं,
काल पहिल्यांदाच गप्प बसलेलं गिऱ्हाईक