सत्तूताचा मुलगा

रजब ५, हिजरी १२४०

कफ्र शुवैखला आलो एकदाचा! नाव घाटाला लागली तेव्हा पोटात कावळे ओरडत होते आणि सगळं बिऱ्हाड पाठीवरच्या गाठोड्यात होतं: दोन झगे, दोन पागोटी, दौत, बोरू आणि ही कोरी वही. गावचा मुखिया हंदावी स्वतः घाटावर आला होता. मला नखशिखांत न्याहाळून म्हणाला, "शेख मुतवल्ली, आम्ही कैरोच्या अझहर मदरशाकडे इमाम मागितला होता, त्यांनी इमामाची सावली पाठवलेली दिसते." मी म्हटलं, सावली जेवत नाही, मी जेवतो, बघाच तुम्ही.

आणि जेवलो! तुपात निथळणारी पापुद्र्यांची रोटी, फतीर, वर काकवी, हिरवा गहू भरलेली कबुतरं. लहानपणापासून अझहरच्या ओवरीत धर्मादायाच्या मसुरीवर वाढलेल्या माणसाला याहून वेगळा स्वर्ग कशाला हवा? एकाच परातीत सगळ्यांचे हात जात होते, आणि बहुतेक प्रत्येक उजव्या हाताला तर्जनी नव्हती. कैरोत ऐकलं होतं ते डोळ्यांनी पाहिलं. मिसरच्या पाशाला समुद्रापलीकडे मोरियात ग्रीकांशी लढायला शेतकरी हवेत. बंदुकीचा चाप ओढायला तर्जनी लागते, काडतूस फोडायला पुढचे दात लागतात. त्यामुळे हल्ली बोटं कापून देणाऱ्या गावोगावच्या न्हाव्यांची चांदी आहे. आम्हा पागोटेवाल्या मौलवींना शिपाई हात लावत नाहीत, तरी धडधाकट हाताने घास उचलताना मला जरा चोरट्यासारखं झालं.

राहायला विधवा सत्तूताच्या अंगणातली खोली मिळाली आहे. तिचा एकुलता मुलगा खमीस भरतीच्या भीतीने पळून गेला, कुठे आहे देव जाणे, असं ती म्हणाली. अंगणात कबुतरांचा उंच मातीचा मनोरा आहे. रात्री तिने माझे पाय धुवायला कोमट पाणी आणून ठेवलं. असं कोणी कधी केलेलं मला आठवत नाही.

रजब ७, शुक्रवार

पहिलं प्रवचन झकास झालं. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण देवाने मला आवाज दिला आहे. म्हातारे डोळे पुसत होते. हंदावी म्हणाला की, असा आवाज एकदा ऐकला की माणूस विसरणार नाही. माझं नेमणुकीचं पत्र त्याने जपून ठेवायला म्हणून मागून घेतलं.

नमाजानंतर न्हावी दसूकीने आग्रहाने माझी हजामत केली, पैसे घेतले नाहीत. मध्येच माझा ओठ अंगठ्याने वर उचलून दात पाहिले, मग उजवा हात उलटासुलटा केला आणि भोवतीच्या लोकांना म्हणाला, "नवरीसारखा आहे, कुठे डाग नाही." सगळे हसले. मीही हसलो. बाजारात गाढव घेताना लोक असेच दात बघतात, हे मी बोलूनही दाखवलं, त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

रजब १३

सत्तूता मला लेकासारखं जपते. मी जेवताना समोर बसून राहते, घास मोठा घे म्हणते. माझ्या झग्याला ठिगळ लावून दिलं. लाडाने खमीसच्या चपला घालायला दिल्या, त्या अगदी बरोबर बसल्या, तेव्हा तिने तोंड फिरवलं. बिचारी! ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

एकच गोष्ट तिने बजावून सांगितली: भर दुपारी मनोऱ्यापाशी जायचं नाही. गेल्या उन्हाळ्यात शिपायांचा ढोलवाला मनोऱ्याच्या पायथ्याशी ऊन लागून मेला, त्याचं भूत दुपारी आत ढोल वाजवतं म्हणे. मी अझहरचा माणूस, भुतांना काय भिणार? पण आज दुपारी वहीत लिहीत असताना मनोऱ्यातून खरोखरच आवाज आला. मातीच्या मडक्यावर बोटं आपटावीत तसा. सगळी कबुतरं एकदम उडाली आणि बराच वेळ परत बसली नाहीत.

रजब २१, शुक्रवार

आज गंमतच झाली. नमाजानंतर अर्धा गाव अंगणात जमला. सत्तूताने आपला ऐसपैस काळा झगा माझ्या डोक्यावरून घातला आणि गळ्यातून माझं डोकं बाहेर काढलं, जणू मी आत्ताच जन्माला आलो. बायकांनी जीभ हलवून आनंदाचा कल्लोळ केला. पोरक्याला मुलगा करून घ्यायची यांची रीत आहे ही. हंदावीने सगळ्यांना साक्षी ठेवून विचारलं, "हा कोण?" आणि ती म्हणाली, "माझा मुलगा."

मला हसू येत होतं. पण तिच्या कपड्यांना धुराचा आणि मेथीचा वास होता, त्या अंधारात क्षणभर गुदमरलो आणि बाहेर आलो तो रडतच. लाज वाटली नाही. मला आई आहे, हे वाक्य आज मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे.

रजब २६

एक विचित्र गोष्ट. मी खोलीत मोठ्याने कुराण म्हणतो, आवाज राखायला रोजचा सराव लागतो. आज एक आयत संपवून थांबलो, तर मनोऱ्यातून तीच आयत ऐकू आली. हलक्या आवाजात. प्रतिध्वनी म्हणावा तर तो इतक्या उशिराने येत नाही. मी पुढची म्हटली. थोड्या वेळाने तीही आली. आणि जिथे मी श्वास घेतो तिथेच त्याने श्वास घेतला.

सत्तूताला सांगितलं. ती म्हणाली की, कबुतरं घुमतात, बाळा, तू उन्हात फिरू नकोस. मग चाळण घेऊन मनोऱ्याकडे पाठ करून बसली.

रजब २९

दुसरं पागोटं आणि चांगला झगा नाहीसा झाला. इथे चोर कोण? मुखियाला सांगितलं तर तो म्हणाला, "खमीस, एवढ्यातेवढ्यावरून गावाला चोर म्हणू नये." मी म्हटलं, माझं नाव मुतवल्ली. तो म्हणाला, जीभ घसरली. पण परवा पाणवठ्यावर बायकांचीही घसरली होती. काल दसूकीचीही.

मी ठरवून मनोऱ्याकडे गेलो, भर दुपारी. दाराला बाहेरून अडसर होता. फटीतून पाहिलं. आत अंधार, विष्ठेचा उग्र वास, आणि वर कुठेतरी पांढरं काहीतरी. वाटलं कबुतर असेल. ते वळलं. ते पागोटं होतं. खाली चेहरा होता, दाढी माझ्यासारखीच कापलेली.

मी पळालो. भूत पाहिल्याचं गावाला सांगितलं, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही.

शाबान २

दोन दिवस तापात होतो. सत्तूताने कसलासा कडू काढा पाजला होता. शुद्धीवर आलो तर हनुवटी गार लागली. दाढी नाही! दसूकीने काढली म्हणे, तापाची उष्णता उतरावी म्हणून. आरशाचा तुकडा मागितला, मिळाला नाही. रांजणातल्या पाण्यात पाहिलं. शेतात राबणारा कोणीतरी तरुण पोरगा माझ्याकडे बघत होता.

मी घाबरलो आहे. मला मोकळेपणाने लिहू दे: मी खूप घाबरलो आहे.

शाबान ५, शुक्रवार

अंगात उठायची ताकद नाही. हंदावी म्हणाला, तू पड, नमाजाची सोय केली आहे. कोणती सोय? गावात दुसरा कोणी शिकलेला नाही.

मशिदीतून प्रवचन ऐकू आलं. माझं, पहिल्या शुक्रवारचं. शब्द न् शब्द तेच, आवाजाचे चढउतार तेच, मी जिथे थांबून लोकांकडे पाहिलं होतं तिथे तोही थांबला. मी अंथरुणात पडून स्वतःला ऐकत होतो.

ते भूत नव्हे. भूत असतं तर बरं झालं असतं.

शाबान ६

सत्तूताने सगळं सांगितलं. मी विचारलं नव्हतं, तीच पायाशी येऊन बसली. मनोऱ्यात खमीस आहे. गावातल्या सगळ्यांनी बोटं कापून घेतली, पण शिपायांना गावातून एक तरी धडधाकट माणूस हवाच, नाहीतर हंदावीची कातडी लोळवतील आणि घरं जाळतील. उरला होता एकटा खमीस. तिने त्याचा हात दसूकीपुढे ठेवून पाहिला होता, दर वेळी मागे घेतला. आणि बोट कापलं असतं तरी मग गावाने कोणाला दिलं असतं?

म्हणून त्यांनी कैरोहून बिनआईबापाचा इमाम मागितला. आता खमीस इमाम होणार. आणि मी खमीस.

मी ओरडलो की, शिपायांना सांगेन. ती शांतपणे म्हणाली की, तिथे प्रत्येक जण सांगतो मी तो नव्हेच, त्यांना आता ऐकूही येत नाही. मी म्हटलं, कुराण म्हणून दाखवेन. ती म्हणाली, तोही म्हणतो.

मग तिने माझ्या उजव्या हाताचं एकेक बोट चुंबलं. म्हणाली, "तू मेला असतास तर तुझ्यासाठी रडणारं कोणी नव्हतं. आता मी आहे. मी रोज रडेन, बाळा. खोटं नाही बोलत."

आणि ती खोटं बोलत नव्हती. हेच मला सहन होत नाही.

शाबान ८

पळालो. पहाटे, घेवड्याच्या शेतातून. घाटावर नाव होती. नावाड्याने मला बसवलं, गोडीने बोलला, नाव मात्र सोडली नाही. हंदावीची माणसं आली. मारलं नाही, शिवी दिली नाही. एकाने माझ्या खांद्यावरचा चिखल झटकला आणि म्हणाला, "काय रे खमीस, आई तिकडे वाट बघत्येय आणि तू इथे?"

सगळा गाव दारात उभा होता. कोणी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

शाबान १०

दसूकीला हात जोडले. कापून टाक, म्हटलं. हे बोट गेलं तर मी शिपायांच्या कामाचा उरणार नाही. बोरू धरता येणार नाही, लिहिणं संपेल, पण जगेन तरी —

तो म्हणाला, "तुझं बोट आता तुझं नाही, गावाचं आहे."

त्याची पाठ वळताच वस्तरा उचलला. चटईखाली आहे. त्याला कळलं असेल का —

मनोऱ्यातून रात्रंदिवस माझा आवाज. आता तो आयती म्हणत नाही. माझ्यासारखा खाकरतो. माझ्यासारखा हसतो.

शाबान ११

उद्या शिपाई येणार. सत्तूताने नवा झगा शिवला, शेतकऱ्याचा, निळा. वाटेसाठी भाकऱ्या भाजते आहे. कबुतरं भरते आहे. मी सगळं खाल्लं — का खाल्लं —

वस्तरा तीनदा काढला. तीनदा परत ठेवला. कापलं तर खमीसला नेतील. तिचा खमीस. मला त्याचं काय? मला काय त्याचं!

शाबान १२, शुक्रवार

ढोल. घाटाकडून. हा खरा आहे.

आतून कडी लावली. वस्तरा डाव्या हातात. बोट उंबऱ्याच्या दगडावर ठेवलं — उचललं — अजून एक ओळ लिहितो, मग —

मशिदीत प्रवचन सुरू झालं. माझा आवाज. लोक रडताहेत.

अंगणात बूट. तुर्की बोलणं. हंदावी म्हणतोय, आत आहे, विधवेचा एकुलता एक.

सत्तूता रडते आहे. शिपायांच्या पाया पडते आहे. माझं लेकरू नेऊ नका, मला नुसतं मारा, त्याला नेऊ नका — हे सोंग नव्हे. मला कळतं. माझ्यासाठी कधी कोणी असं —

दाराशी आली. पलीकडून दारावर हात फिरवते आहे.

"खमीस, बाळा, दार उघड रे."

गप्प राहायचं. फक्त गप्प राहायचं आणि वस्तरा दाबायचा. मी मुतवल्ली. मी मुतवल्ली. मी —

"आलो, आई."

मीच म्हटलं. माझ्याच तोंडून — वस्तरा खाली पडला — उचलतो, आधी बोट, मग कडी — आधी —

ती पुन्हा हाक मारते आहे, मी